कर्सर कुठे आहे? टर्मिनलवर जागा मोजायची कशी

टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, चालणारा प्रोग्राम लिहायला घेतला की पहिल्या काही दिवसांतच हा प्रश्न येऊन धडकतो: माझा कर्सर आत्ता आहे कुठे? आणि त्याच्या मागोमाग दुसरा: ही जी चौकट मी काढली, ती पडद्यावर नेमकी कुठून कुठपर्यंत आहे?

ग्राफिक्सच्या जमान्यात हे शिकायचं कशाला, असं विचारणारे असतात. त्यांनी सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एखाद्या गोदामाची कल्पना करावी. दाराशी जुना कॉम्प्युटर, माउस कापसाच्या धुळीने जाम, आणि लॉट नंबर टाकणाऱ्या माणसाला हवंय एवढंच की आकडे पटापट पडावेत आणि एंटर मारला की पुढचा रकाना यावा. असल्या कामाला अक्षरांचा साधा पडदा झकास चालतो. शिवाय दूरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्याला टर्मिनलशिवाय गत्यंतर नसतंच.

इथे आपण कर्सेस नावाची लायब्ररी वापरणार आहोत. १९८० च्या सुमारास बर्कलीत केन अर्नोल्ड यांनी ती लिहिली. आज लिनक्सवर जी असते ती तिची नवी आवृत्ती, एन-कर्सेस. ही १९९३ पासूनची, आणि तिची देखभाल वर्षानुवर्षं थॉमस डिकी करत आले आहेत. मूळ लायब्ररी सी भाषेतली, पण पायथनमधून ती वापरणं सोपं पडतं, म्हणून उदाहरणं पायथनची घेतो. सी वाल्यांसाठी शेवटी दोन शब्द आहेतच.

एक आधीच सांगून ठेवतो. या लेखात फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लिपीत, सगळी लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहायची; नावात जोडरेघ दिसली तर तिथे अंडरस्कोर. की-रिसाइझ, लाइन्स आणि कॉल्स ही तीन नावं तेवढी मोठ्या अक्षरांत. गंमत म्हणजे चलांची नावं तुम्ही खरोखर देवनागरीत लिहिलीत तरी पायथन ३ ची काही हरकत नसते. कोडमधले आकडे मात्र इंग्रजीच लागतात.

या सगळ्यात एकच गोष्ट पक्की धरायची: "कर्सर कुठे आहे" हा प्रश्न अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा की, कुणाच्या शून्यापासून मोजून कुठे आहे? खिडकीच्या (कर्सेसमध्ये खिडकी म्हणजे पडद्याचा एक चौकोनी तुकडा), तिच्या आईच्या (जिच्या पोटात ती बसते त्या मोठ्या खिडकीच्या), पूर्ण पडद्याच्या, की खुद्द टर्मिनलच्या? नवख्यांचे नव्वद टक्के घोळ इथलेच.

पायरी १: तयारी

लिनक्स किंवा मॅक असेल तर पायथनबरोबर कर्सेस बहुधा आलेलंच असतं. विंडोजवर ते येत नाही. तिथे पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारी आज्ञा) "विंडोज-कर्सेस" हे पॅकेज टाकावं लागतं, नाहीतर सरळ डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायच्या सोयीत, लिनक्स घ्यावं. माझं मत विचाराल तर डब्ल्यूएसएल घ्या, पुढे देवनागरीच्या पायरीला आणि टर्मिनलशी थेट बोलताना त्रास कमी होतो.

आता टर्मिनल उघडून "एसटीटीवाय साइझ" ही आज्ञा द्या. दोन आकडे येतील, उदाहरणार्थ २४ आणि ८०. पहिला ओळींचा, दुसरा स्तंभांचा. हे २४ बाय ८० माप १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलमुळे रूढ झालं, आणि ८० स्तंभ त्याहून जुने: आयबीएमने १९२८ मध्ये आणलेल्या पंचकार्डावर ८० स्तंभ होते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी चालवणारा जॅकार्ड माग ज्या सोलापूरने घराघरात पाहिलाय, तिथल्या वाचकाला यात नवल वाटू नये. पंचकार्डाचं कूळ तिथलंच.

पायरी २: आधी ओळ, मग स्तंभ

शाळेत आपण एक्स आधी आणि वाय नंतर शिकतो. कर्सेसमध्ये उलट: आधी वाय म्हणजे ओळ, मग एक्स म्हणजे स्तंभ. मोजणी शून्यापासून, आणि शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात. वाय वाढला की आपण खाली जातो, वर नाही.

हे डोक्यात बसवायला चादरीच्या नक्षीचा ग्राफपेपर आठवा. आडव्या ओळी म्हणजे बाणा, उभे स्तंभ म्हणजे ताणा, आणि प्रत्येक चौकोनात एकच ठिपका. टर्मिनलचा पडदा तसाच: प्रत्येक चौकोनात एक अक्षर, अर्ध्या चौकोनात काही नाही. "तिसऱ्या ओळीत दहावा चौकोन" असं म्हणायची सवय लावा, म्हणजे वाय-एक्सचा क्रम आपोआप बरोबर येतो.

एक गोची आधीच सांगतो. पायथनमध्ये सगळ्यांनी हा क्रम पाळलेला नाही. ओएस मॉड्यूलचं "गेट-टर्मिनल-साइझ" आधी स्तंभ देतं, मग ओळी. माउसची माहिती देणारं "गेटमाउस" सुद्धा एक्स आधी देतं. कर्सेसच्या खिडक्यांची फंक्शनं मात्र सगळी वाय आधी. दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये मिसळली की आकडे उलटेसुलटे होतात, आणि पडदा चौरस असेल तर तो घोळ लवकर दिसतही नाही.

पायरी ३: खिडकीतला कर्सर

समजा आपल्याला कारखान्याची नोंद घ्यायचीय. डाव्या खिडकीत मागांची यादी, उजव्या खिडकीत लॉटची माहिती. उजवी खिडकी अशी करू:

इम्पोर्ट कर्सेस
डेफ मेन(पडदा):
    पडदा.रिफ्रेश()
    उजवी = कर्सेस.न्यूविन(२०, ४६, २, ३२)
    उजवी.बॉक्स()
    उजवी.अ‍ॅडएसटीआर(३, २, "१२३४५६७८")
    वाय, एक्स = उजवी.गेटवायएक्स()
    उजवी.गेटच()
कर्सेस.रॅपर(मेन)

न्यूविनचे चार आकडे: किती ओळी, किती स्तंभ, कुठल्या ओळीपासून, कुठल्या स्तंभापासून. म्हणजे ही खिडकी पडद्याच्या २ ते २१ या ओळी आणि ३२ ते ७७ हे स्तंभ व्यापते. रॅपरमुळे प्रोग्राम मध्येच कोसळला तरी टर्मिनल पूर्ववत होतं, म्हणून तो वापरायचाच.

आठ आकड्यांचा लॉट नंबर ओळ ३, स्तंभ २ पासून लिहिला (नमुन्यातला नंबर इंग्रजी आकड्यांत टाइप करा). आता गेटवायएक्स काय सांगेल? (३, १०). दोन अधिक आठ, दहा. हे (३, १०) उजव्या खिडकीच्या स्वतःच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून आहे. पडद्याशी त्याचा काही संबंध नाही. प्रत्येक खिडकी आपला कर्सर आपल्याजवळ ठेवते: डाव्या खिडकीत तुम्ही शंभर ओळी लिहिल्यात तरी उजवीचा कर्सर (३, १०) वरून हलत नाही.

कशाने कर्सर हलतो आणि कशाने नाही, हे एकदा हाताने करून बघाच. अ‍ॅडएसटीआर आणि अ‍ॅडसीएच हलवतात. मूव्ह तर त्यासाठीच आहे. बॉक्स आणि बॉर्डर मात्र पूर्ण चौकट काढूनही कर्सर जागचा हलवत नाहीत. इन्सएसटीआर मजकूर घुसवतं, उजवीकडचं पुढे ढकलतं, पण त्याला जागा दिली तर कर्सर त्या जागी जाऊन तिथेच थांबतो, मजकुराच्या शेवटी जात नाही.

मग दोन सापळे. उजव्या खिडकीची रुंदी ४६, म्हणजे स्तंभ ० ते ४५. तुम्ही ओळ ३, स्तंभ ४० पासून आठ आकडे लिहिलेत तर सहा मावतात, उरलेले दोन पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जातात आणि कर्सर (४, २) वर येतो. वाटेत त्यांनी उजवी कड आणि खालच्या ओळीची डावी कड, दोन्ही खाऊन टाकलेल्या असतात. कर्सेस चौकटीला "कड" मानत नाही, ती त्याच्या दृष्टीने बाकीच्यांसारखीच अक्षरं. दुसरा सापळा नव्या ओळीच्या चिन्हाचा. ते लिहिलं की कर्सेस आधी त्या ओळीचा उरलेला भाग पुसतं, मग खाली जातं. उजवी उभी रेघ मध्येच तुटलेली दिसली तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

इथेच तपासणीची सोयही करून ठेवा. कर्सेस चालू असताना प्रिंट वापरलं की पडद्याची वाट लागते. त्याऐवजी एक साधी मजकूर फाइल उघडा, तिच्यात हवे ते आकडे लिहा, प्रत्येक वेळी फ्लश करा (म्हणजे लिहिलेलं लगेच फाइलमध्ये उतरतं), आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये "टेल" आज्ञा उणे-एफ लावून ती फाइल बघत बसा. कर्सर कुठे कुठे फिरला त्याचा पूर्ण हिशेब शेजारच्या खिडकीत उमटत जातो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांना हीच फाइल कामाला येईल.

पायरी ४: खिडकी केवढी

गेटमॅक्सवायएक्स. उजवीसाठी उत्तर (२०, ४६). नाव "मॅक्स" असलं तरी हा आकार आहे, शेवटची जागा नव्हे. शेवटची ओळ १९, शेवटचा स्तंभ ४५. मूव्हला (२०, ४६) दिलंत तर एरर ठरलेली.

पण शेवटच्या कोपऱ्याची गंमत वेगळी आहे. (१९, ४५) ही जागा खिडकीत आहे, तिथे एक अक्षर लिहिलं तर ते दिसतंही, आणि तरी पायथन एरर देतं. कारण अक्षर लिहून झाल्यावर कर्सर पुढे सरकायला जागाच उरत नाही. काम झालेलं असतं, तक्रार त्यानंतरची असते. तिथे अक्षर हवंच असेल तर इन्ससीएच वापरा, ते कर्सर पुढे नेत नाही. किंवा ती एरर पकडून सोडून द्या. मी पहिला मार्ग घेतो, कारण एरर गिळायची सवय लागली की एखाद दिवशी खरी एररही गिळली जाते.

पायरी ५: खिडकी पडद्यावर कुठे

गेटबेगवायएक्स खिडकीचा डावा वरचा कोपरा पडद्याच्या मापाने सांगतं. उजवीसाठी (२, ३२). आता कर्सर पडद्यावर कुठे ते काढायला नुसती बेरीज: २ अधिक ३ म्हणजे ५, ३२ अधिक १० म्हणजे ४२. पडद्यावरची जागा (५, ४२). हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उलटा प्रश्नही येतो. माउसची क्लिक पडद्याच्या मापाने येते, आणि आपल्याला ती खिडकीत कुठे पडली ते हवं असतं. तेव्हा वजाबाकी. त्याआधी एन्क्लोज या फंक्शनला विचारा की ही जागा खिडकीत आहे का. त्यालाही पडद्याचीच मापं, वाय आधी. क्लिक देणारं गेटमाउस एक्स आधी देतं हे वर सांगितलंच. माउससाठी खरंतर एवढंच पुरे.

पायरी ६: खिडकीतली खिडकी

उजव्या खिडकीत शेऱ्यासाठी छोटी जागा हवी: पाच ओळी, चाळीस स्तंभ, उजवीच्या आत ओळ १२, स्तंभ ३ पासून. त्यासाठी दोन फंक्शनं आहेत आणि ती एकमेकांची जुळी भावंडं वाटतात. डेरविनला जागा आईच्या मापाने द्यायची, सबविनला पडद्याच्या मापाने. म्हणजे एकच शेरा-खिडकी करायला डेरविनला (५, ४०, १२, ३) द्यावे लागतात आणि सबविनला (५, ४०, १४, ३५).

सबविनला चुकून १२ आणि ३ दिले तर? पडद्याचा स्तंभ ३ उजवीच्या बाहेर, डाव्या खिडकीत पडतो. मुलीची खिडकी आईच्या बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून एरर. ही एरर आली तर नशीब समजा. आई पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्याजवळ असली की चुकीचे आकडेही आत बसतात आणि खिडकी मुकाट्याने भलतीकडे उघडते. म्हणून मी नवख्यांना सांगतो: डेरविनच वापरा, सबविन विसरा.

आता तिन्ही फंक्शनं शेरा-खिडकीवर चालवून बघा. गेटमॅक्सवायएक्स म्हणेल (५, ४०). गेटबेगवायएक्स म्हणेल (१४, ३५), म्हणजे पडद्याच्या मापाने. आणि गेटपारवायएक्स म्हणेल (१२, ३), म्हणजे आईच्या मापाने. हेच गेटपारवायएक्स उजवीवर चालवलंत तर (-१, -१) येईल, कारण न्यूविनने केलेल्या खिडकीला आई नसते. उणे एक ही एरर नाही, ते उत्तर आहे. पण ते न तपासता थेट बेरजेत टाकलंत तर सगळी खिडकी एक घर वर आणि एक घर डावीकडे सरकलेली दिसेल आणि डोकं खाजवत बसावं लागेल.

शेरा-खिडकी आईच्याच चौकोनांवर लिहिते, तिची स्वतःची वेगळी वही नसते. पण कर्सर तिचा स्वतंत्र. त्यामुळे शेऱ्यात लिहिलं तरी उजवीचा कर्सर अजून (३, १०) वरच.

पायरी ७: लुकलुकणारा कर्सर कुणाचा

आता तीन-चार खिडक्या, प्रत्येकीचा आपला कर्सर, आणि पडद्यावर लुकलुकतोय मात्र एकच. तो कुणाचा? जिचं रिफ्रेश सगळ्यात शेवटी झालं तिचा.

गोदामातल्या माणसाची तक्रार नेहमी याच रूपात येते: "मी आकडा इकडं टाकतोय आणि ती रेघ तिकडं टिकटिक करतीय." प्रोग्राम आकडा बरोबर जागीच घेत असतो, पण मधल्या काळात कुणीतरी तळाच्या ओळीत वेळ लिहून ती खिडकी रिफ्रेश केलेली असते. उपाय असा: सगळ्या खिडक्यांना रिफ्रेशऐवजी एनआउटरिफ्रेश करा, ज्या खिडकीत माणूस टाइप करतोय तिला सगळ्यात शेवटी, आणि मग एकदाच डूअपडेट. पडद्याचं लुकलुकणंही कमी होतं, हा वरचा फायदा.

दुसरं, गेटच. किल्ली, म्हणजे की-बोर्डवर दाबलेली की, वाचण्याआधी ते आपल्या खिडकीत बदल झाला असेल तर तिचं रिफ्रेश गुपचूप करून टाकतं. म्हणून पडदा.गेटच पहिल्यांदा चाललं की मूळ पडदा रिकामा रंगवला जातो आणि त्यावर आधी काढलेल्या खिडक्या नाहीशा झाल्यासारख्या वाटतात. वरच्या नमुन्यात पहिलीच ओळ पडदा.रिफ्रेश का आहे, त्याचं कारण हे. आणि गेटच मूळ पडद्यावर न करता ज्या खिडकीत काम चाललंय तिच्यावरच करावं.

लुकलुकणारा कर्सर कुठे ठेवायचा ठरलाय ते विचारायला गेटएसवायएक्स आहे. ते खिडकीचं नाही, कर्सेसचंच फंक्शन, आणि उत्तर पडद्याच्या मापाने देतं. आपल्या उदाहरणात उजवीचं रिफ्रेश शेवटी झालं असेल तर (५, ४२). लीव्हओके चालू केलेलं असेल तर इथेही (-१, -१) मिळतं, म्हणजे "कर्सर कुठेही राहू दे" असं तुम्हीच सांगितलेलं असतं.

पायरी ८: देवनागरी आली की हिशेब बदलतो

आतापर्यंत मुद्दाम आकड्यांवर भागवलं. कारखान्यातल्या माणसाला पडद्यावर मराठी दिसलं पाहिजे, आणि तिथे "एक अक्षर एक चौकोन" हे गृहीतक गडगडतं.

"सोलापूर" घ्या. आपल्या डोळ्यांना चार अक्षरं: सो, ला, पू, र. लांबी सांगणाऱ्या पायथनच्या लेनला विचाराल तर ७, कारण काना-मात्रा-ऊकार वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये बाइट २१. आणि पडद्यावरचे स्तंभ? ते कुणाला विचारता त्यावर. युनिकोडमध्ये ऊकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही चिन्हं जागा न घेणारी मानली आहेत; पण काना, वेलांटी आणि काना-मात्रा यांचा वर्ग निराळा, "जागा घेणारी जोडचिन्हं". यांना एक स्तंभ द्यायचा की शून्य, याबाबत सगळे तक्ते एकमताचे नाहीत. पहिल्या हिशेबाने "सोलापूर" सहा स्तंभांचं, दुसऱ्याने चार.

"सिद्धेश्वर" आणखी मजेशीर. लेन म्हणेल १०. डोळे म्हणतात चार: सि, द्धे, श्व, र. स्तंभ मोजणारा तक्ता जोडाक्षर ओळखत नाही, तो स, द, ध, श, व, र असे सहा मोजतो, आणि वेलांटीला जागा दिली तर सात.

अडचणीचं मूळ इथे आहे: स्तंभ मोजणारे दोघे आहेत. कर्सेस सिस्टीमच्या सी लायब्ररीचा तक्ता बघतं, टर्मिनलचा प्रोग्राम स्वतःचा. दोघांचं जमलं तर ठीक. नाही जमलं तर गेटवायएक्स म्हणतं स्तंभ ८ आणि डोळ्यांना कर्सर दिसतो सहाव्या घरात. गेटवायएक्स खोटं बोलत नाही, ते आपल्या वहीतलं सांगतं. टर्मिनलची वही वेगळी.

यावर कामाला येणाऱ्या गोष्टी अनुभवाच्या. लेनवरून जागा कधीच काढू नका. मजकूर लिहिण्याआधी आणि नंतर गेटवायएक्स घ्या, वजाबाकी करा, म्हणजे निदान कर्सेसचा हिशेब तरी मिळतो. फॉर्म मांडताना आकडा डावीकडे आणि मराठी नाव उजवीकडे ठेवा. सवयीच्या उलट आहे, दिसायलाही जरा विचित्र, पण घसरण नेहमी मजकुराच्या उजवीकडे होते. उजवीकडे काहीच नसेल तर बिघडायलाही काही नसतं. ते पटत नसेल तर नाव वरच्या ओळीत आणि त्याखालच्या ओळीत रकाना. आणि एका ओळीत दोन मराठी रकाने शेजारी शेजारी, हे टाळाच.

आकड्यांबद्दल एक सुखद गोष्ट: देवनागरी आकडे सरळ एक घर घेतात, आणि पायथनचं इंट "४२" हे देवनागरीतलं लिखाणही बिनबोभाट ४२ समजतं. मात्र मराठी की-बोर्डवरची अक्षरं घेताना गेटचऐवजी गेट-डब्ल्यूसीएच वापरा, नाहीतर एका अक्षराचे तीन बाइट सुटे सुटे हाती येतील.

पायरी ९: थेट टर्मिनललाच विचारा

दोन वह्या जुळत नाहीत तेव्हा टर्मिनलच्या वहीतला आकडा मागता येतो. एस्केप, डावा चौकोनी कंस, ६ आणि लहान एन, अशी चार चिन्हं टर्मिनलकडे पाठवायची. तो उत्तर पाठवतो: एस्केप, चौकोनी कंस, ओळ, अर्धविराम, स्तंभ आणि शेवटी मोठा आर. हे उत्तर कुठे येतं? की-बोर्डवरून, जणू कुणी टाइप केल्यासारखं.

म्हणूनच ही युक्ती नुसतं प्रिंट करून चालत नाही. टर्मिनल साध्या स्थितीत असेल तर एंटर मारेपर्यंत उत्तर तुमच्या हाती येत नाही, आणि प्रॉम्प्टवर मात्र त्याचा कचरा उमटतो. आधी टर्मिऑस मॉड्यूलच्या टीसीगेटअ‍ॅटरने जुनी मांडणी जपून ठेवा, टीटीवाय मॉड्यूलच्या सेटसीब्रेकने एंटरची वाट बघणं आणि उमटणं दोन्ही बंद करा, प्रश्न लिहून फ्लश करा, मोठा आर येईपर्यंत एकेक चिन्ह वाचा, आणि शेवटी काहीही झालं तरी जुनी मांडणी परत लावा. हे "काहीही झालं तरी" फायनली मध्ये टाकायचं, नाहीतर प्रोग्राम मध्येच पडला की टर्मिनल मुका होतो.

इथे मोजणी एकपासून. कर्सेसचा (५, ४२) टर्मिनल ६;४३ असा सांगेल. टर्मिनलच्या दोन्ही आकड्यांतून एक वजा केला की जुळलं. जुळलं नाही, तर देवनागरीच्या पायरीतला वाद तुमच्याच ओळीत चाललाय असं समजा.

कर्सेस चालू असताना हा प्रश्न विचारू नये असं मी म्हणेन. दोघेही एकाच की-बोर्डवरून वाचतात, तुमचं उत्तर कर्सेस पळवतं आणि त्याची किल्ली तुम्ही. एक्सटर्म नावाच्या टर्मिनल-प्रोग्राममध्ये तर शिफ्ट-एफ३ दाबलं की जे चिन्ह येतं ते "ओळ १, स्तंभ २" या उत्तराशी हुबेहूब जुळतं. त्यापेक्षा एक वेगळी छोटी स्क्रिप्ट करा: एकेक मराठी शब्द ओळीच्या सुरुवातीपासून लिहायचा, टर्मिनलला विचारायचं, आकडा फाइलमध्ये उतरवायचा. तुमच्या फॉर्मवरच्या नावांचं त्या टर्मिनलपुरतं माप एकदा हाती आलं की मांडणी तशी करता येते.

पायरी १०: पडदा लहान-मोठा झाला तर

टर्मिनलची खिडकी ओढून मोठी केली की कर्सेस गेटचमधून "की-रिसाइझ" ही किल्ली देतं. तेव्हा पडदा.गेटमॅक्सवायएक्स नव्याने घ्या आणि सगळ्या जागा परत काढा. लाइन्स आणि कॉल्स या चलांवर विसंबू नका, अपडेट-लाइन्स-कॉल्स चालवल्याशिवाय ती शिळी असू शकतात. पडदा लहान झाला तर एन-कर्सेस न मावणाऱ्या खिडक्या स्वतःच आखडून घेतं, म्हणून आधी जपून ठेवलेला (२०, ४६) आता खरा राहिलेला नसेल. आकडे साठवून ठेवण्यापेक्षा हवे तेव्हा विचारलेले बरे, त्याला वेळ लागत नाही.

सी भाषेत लिहिणाऱ्यांसाठी

तिथे गेटवायएक्स आणि त्याची तिन्ही भावंडं ही फंक्शनं नसून मॅक्रो आहेत. म्हणून खिडकी, वाय, एक्स असे तीन घटक द्यायचे आणि वाय-एक्सच्या आधी पत्त्याचं अँड चिन्ह लावायचं नाही. सवयीने लावलंत तर कंपायलर अशी काही एरर देतो की तिचा अर्थ लावण्यात संध्याकाळ जाते. एकेक आकडा वेगळा हवा असेल तर गेटकरवाय, गेटकरएक्स, गेटबेगवाय, गेटमॅक्सएक्स अशी फंक्शनंही एन-कर्सेसमध्ये आहेत. खिडकीऐवजी नल दिलं तर ती उणे एक परत देतात. मराठी दाखवायचं असेल तर इनिटएससीआरच्या आधी सेटलोकॅल रिकाम्या नावाने चालवा, आणि जोडणी करताना साध्या एन-कर्सेसऐवजी शेवटी डब्ल्यू असलेली एन-कर्सेस-डब्ल्यू लावा. तो डब्ल्यू राहिला तर "सोलापूर"च्या जागी एकवीस बाइटांचा कचरा दिसेल.